एका बैलाची सावड



दरवेळी पाऊस, पेरा आणि औषधाचं लिहितो. आज थोडं जुनं लिहितो, पण निघालंय ते रानातूनच.

यंदा रोहिणीच्या तोंडावर आमचा डाव्या बाजूचा बैल गेला. अकरा वर्षांचा होता. दावणीला एकच बैल राहिला. ट्रॅक्टर सांगता येतो, सांगतोही. पण आमचं वरचं रान उताराचं, ताली अरुंद. तिथं शेवटची कुळवाची पाळी आणि पेरणी आजही बैलावरच नीट होते. पेरणीच्या हंगामात चांगला बैल बाजारात परवडत नाही, आणि एका बैलावर कुळव चालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांचा पोरगा दारात उभा, हातात कासरा. आबा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे चिरंजीव. चार वर्षं आमचं बोलणं नाही. कारण काय, तर बांध. मोजणी झाली, तारखा झाल्या, दोन्ही घरच्या लग्नपत्रिका पोचल्या पण माणसं गेली नाहीत. तो पोरगा म्हणाला, “तात्या, आबांनी बैल दिलाय. पेरणी होईस्तोवर राहू द्या म्हणले.” एवढंच. चहाला थांब म्हणलं तर थांबला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आमचे आजे आठवले. ते त्यांच्या आजोबांची एक गोष्ट सांगायचे. लहानपणी ती गोष्ट मला बैलाची वाटायची. आता कळतंय ती कशाची होती. पण ती नीट समजायला शे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागात शेती कशी चालायची ते आधी बघावं लागतं.

आमचं गाव सुप्याच्या बाजूचं. सुपे म्हणजे बाजाराचा कसबा, शहाजीराजांच्या जहागिरीतल्या सुपे परगण्याचं ठाणं. इंग्रजांच्या वेळी हा भाग भीमथडी तालुक्यात होता, आता बारामती तालुक्यात आहे. पाऊस कमी आणि लहरी. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी. खाली काळी, वर माळ. असं रान एकट्याच्या जिवावर कसत नाही, आणि जुन्या काळी तर कसणं शक्यच नव्हतं. याचं मोठं कारण म्हणजे नांगर.

आज ज्यांनी लाकडी नांगर फक्त पोळ्याच्या देखाव्यात पाहिलाय, त्यांना त्याचं वजन कळणार नाही. बाभळीचं अख्खं लाकूड, पुढं हाळीस, मागं रुमणं, खाली लोखंडी फाळ. हलक्या रानात तो एका-दोन जोड्यांवर चालायचा. पण काळ्या भारी रानात, त्यात कुंदा-हरळी माजलेली असली, तर त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. म्हणजे तीन-चार जोड्या एकामागं एक. म्हणून काळं रान दरसाल नांगरायची पद्धतच नव्हती. मधली वर्षं कुळवावर काढायची आणि हरळी फार झाली की नांगर घालायचा.

आता हिशेब करा. बहुतेक शेतकऱ्यांच्या दावणीला एक जोडी, फार तर दोन. आणि नांगराला लागणार चार. मग रान नांगरायचं कसं? चार घरांनी मिळून. आज तुझं, उद्या माझं, परवा त्याचं. याला आपल्याकडं सावड म्हणतात. १८५७ साली छापलेल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशात हा शब्द आहे. शेतकऱ्यांनी बैल-माणसांची एकमेकांना केलेली मदत, असाच अर्थ दिलाय. कोल्हापूर-सांगलीकडं पैरा म्हणतात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागात पडकई.

सावडीहून वेगळी ती इर्जिक. सावडीत पाळी असते: जेवढे दिवस घेतले तेवढे फेडायचे. इर्जिकीत एक दिवस सगळं गाव एकाच्या रानात उतरायचं. कुणाच्या घरात आजारपण, कुणाचा कर्ता माणूस गेलेला, कुणाचं रान मागं पडलेलं. आदल्या दिवशी सांगावा जायचा आणि सकाळी दहा-पंधरा नांगर-कुळव बांधावर हजर. मजुरी नाही. घरच्याच्या ऐपतीप्रमाणं जेवण, कुठं पुरणपोळी तर कुठं बकरं. दिवस मावळेपर्यंत रान काळंभोर.

आपण म्हणतो, काय माणसं होती! मला तसं वाटत नाही. माणसं आपल्यासारखीच होती. भांडत होती, बांध कोरत होती. पण नांगराला चार जोड्या लागत होत्या. ज्याच्याशी आज कडाकड भांडलो, त्याच्याच बैलाशिवाय उद्या आपलं रान पडीक राहणार, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. त्यामुळं भांडणाला एक हद्द होती.

दुसरी गोष्ट साऱ्याची. इतिहास मी दहावीपर्यंतच शिकलो, पण पुढं तालुक्याच्या वाचनालयात गॅझेटिअर आणि जमीनमहसुलावरची पुस्तकं चाळायची सवय लागली. पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनी १८२१ साली आपल्या भागातल्या मिरासदारांवर अहवाल दिला. त्यातून कळतं, की गावची जमीन मोठमोठ्या थळांत वाटलेली असायची आणि एकेक थळ एका मूळपुरुषाच्या वंशाकडं, म्हणजे भावकीच्या एका जथ्याकडं असायचं. थळाच्या साऱ्याला सगळा जथा मिळून जबाबदार. एका भावाचं पीक बुडालं, तो परागंदा झाला, तर त्याचा वाटा उरलेल्यांनी भरायचा. आणि मिरास बाहेरच्याला द्यायची तर भावकीला विचारल्याशिवाय नाही.

म्हणजे बघा, भावाचं रान पडीक राहिलं तर सारा माझ्या डोक्यावर येणार. मग मी त्याला बियाणं देणार, बैल देणार, पोरगा मदतीला धाडणार. प्रेम असो वा नसो. भावकी नुसत्या रक्ताची नव्हती, साऱ्याची पण होती.

यात त्रास नव्हता असं नाही. आळशी भावाचं ओझं कष्टाळू भावावर पडायचं. उपऱ्याला, म्हणजे मिरास नसलेल्या कुळाला, गावात तेवढा मान नसायचा. आणि ज्यांच्याकडं बैलच नाही, जमीनच नाही, ते सावडीत कुठं बसणार? महार, मांग, रामोशी यांचे कष्ट गावाला रोज लागायचे, पण त्यांची पाळी सावडीत धरली जात नव्हती. त्यांच्या वाट्याला बलुतं आणि तेही खळ्याच्या कडेला उभं राहून. इर्जिकीला पन्नास माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या बायांचा दिवस तर कुणीच मोजला नाही. शेजारधर्म होता, पण त्यालाही वेस होती. हे झाकून जुन्या काळाचं कौतुक करणं बरोबर नाही.

मग बदल कसा झाला? १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी लागू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ती करणारे अधिकारी. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, मातीची खोली आणि प्रत बघून आण्यांत तिची वर्गवारी करायची आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून टाकायचा. आज सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर आपण बघतो, त्याचं मूळ इथं आहे. माझ्यासारख्याला मातीची ती प्रतवारी वाचताना आजही नवल वाटतं. आधीचा प्रिंगलसाहेबाचा सारा लोकांना पेलला नव्हता, गावं ओस पडली होती. नव्या दरानं इंदापूरकडची पडीक राहिलेली रानं पुन्हा वहितीला आली. हा फायदा खरा होता.

पण त्यात एक गोष्ट बारीक झाली आणि ती लवकर कुणाच्या ध्यानात आली नसावी. आता सारा ज्याच्या त्याच्या नावावर. भावाच्या साऱ्याशी माझा संबंध संपला. त्यानं रान पडीक ठेवलं तर त्याचं तो बघेल. आणि आपल्या नावचा नंबर तो स्वतःच्या सहीनं गहाण टाकू शकतो, विकू शकतो. भावकीला विचारायची गरज नाही.

सावकाराचंही तेच झालं. जुना वाणी गावातच राहायचा. बी-भरणाला दाणे द्यायचा, खळ्यावर वसूल करायचा. व्याज घ्यायचाच, पण वसुलीसाठी त्याला पाटलाची आणि पंचांची मदत लागायची. म्हणून फार ताणून चालायचं नाही. तोही शेजारीच होता. पुढं कोर्टं आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. कायदा कर्जदाराच्या भल्याचा म्हणून केला, पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा कागद लिहून घ्यायचा, असं सुरू झालं. अंगठा देणाऱ्याला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. कागद कोर्टात नेला की डिक्री. आता सावकाराला ना पाटील लागत होता ना पंच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तेव्हा इकडं कापूस तेजीत होता आणि उधारी सैल होती. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. त्याच सुमाराला तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरला नवा सारा लागला, तोही पुष्कळ वाढवून.

अशा वेळी शिरूर तालुक्यातल्या करडे गावात जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या सावकारानं तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर डिक्री मिळवली. दीडशे रुपयांपायी देशमुखाच्या राहत्या घरावर गदा आली. गावानं हात उचलला नाही, नुसतं पाठ फिरवली. सावकाराच्या दुकानातून कुणी माल घ्यायचा नाही, त्याचं रान कुणी करायचं नाही, त्याचं पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. शेवटी त्यानं चंबूगबाळं उचलून शिरूर गाठलं. ही खबर आसपासच्या गावांत गेली आणि तिथंही तसेच ठराव झाले.

मग १२ मे १८७५. सुप्याचा बाजार. आसपासच्या गावांतली माणसं जमलेली. सावकारांची घरं-दुकानं फुटली, कागद काढून जाळले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेलं. पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला, त्यालाही दिसलं की लोकांचा रोख माणसाच्या जिवावर नव्हता, कागदावर होता. चार वर्षांनी, १८७९ ला, दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कर्जनिवारण कायदा झाला.

शाळेत आपल्याला हे दख्खनचे दंगे म्हणून दोन ओळींत शिकवलं. लुटालूट आणि जाळपोळ झाली ती चुकीचीच, आणि त्यात सगळे सावकार सारखेच वाईट होते असंही नाही. पण मला करड्याची गोष्ट जास्त मोठी वाटते. मोजणीनं भावकीची साऱ्याची गाठ सोडली होती, तरी देशमुखाचं घर गेलं तेव्हा गाव एक झालं. सवय अजून सुटली नव्हती.

लगेच पुढच्या वर्षी, १८७६ ला, पाऊस गेला. १८७६-७७ चा तो दुष्काळ आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिला. माणसं खडी फोडायला, माती टाकायला दुष्काळी कामांवर गेली. दौंड-मनमाड रेल्वे आणि नीरेचा डावा कालवा ही त्या दुष्काळी कामांतूनच उभी राहिलेली कामं. आज कालव्याखालचा ऊस बघताना कुणाला आठवतही नाही, की त्याची पहिली माती उपाशी माणसांनी उपसलीय. पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी सत्यशोधक समाजाच्या मंडळींबरोबर दुष्काळातल्या पोरांसाठी बालाश्रम चालवला. ती पोरं त्यांच्या भावकीतली नव्हती. वेशीबाहेरचा शेजारधर्म कसा असतो, ते त्या माणसांनी तेव्हा दाखवलं.

आता आमच्या आज्यांची गोष्ट.

त्या दुष्काळात आमच्या घरची दोन जोडी जनावरं होती. कडबा संपला, पाला संपला, छपराचं गवत उपसून घातलं. पाऊस परत आला तेव्हा दावणीला एकच बैल उभा होता, आणि तोही हाडांचा सापळा. शेजारच्या वस्तीवर जे घर होतं, त्यांच्याशी आमचं पाण्याच्या पाटावरनं वैर. त्यांच्याकडंही एकच बैल उरलेला. दोन्ही घरांत एकेक बैल आणि बांधाच्या दोन्ही बाजूला पडीक रान. आजे सांगायचे, पहिलं कोण गेलं ते कुणी कधी सांगितलं नाही. पण एका सकाळी ते दोन बैल एका जुवाखाली दिसले. एक थोराड, एक खुजा. लोक हसले, विजोड जोडी म्हणून. पण त्या विजोड जोडीनं दोन्ही घरांची बाजरी पेरली.

एवढीच गोष्ट. वैर मिटलं का, असं मी लहानपणी विचारायचो. आजे म्हणायचे, “ते काय ठाऊक नाही. पण दोन्ही घरं जगली, म्हणून तर आपण आहोत.”

पुढं लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात पहिला केला. सुरुवातीला लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते. पण तो कमी जोड्यांवर खोल चालायचा. मग ट्रॅक्टर आला, त्याला तर एकच माणूस पुरतो. कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. चार जोड्यांमागं दिवसभर चाबूक घेऊन चालणाऱ्याला विचारा. पण सारा वेगळा झाला, कर्ज वेगळं झालं, नांगर वेगळा झाला. शेजाऱ्यावाचून आता काहीच अडत नाही. अडत नाही म्हणून भांडणाची हद्दही राहिली नाही. माझं आणि आबांचं भांडण चार वर्षं चाललं, ते जुन्या काळी पहिल्या नांगरटीलाच थांबवावं लागलं असतं.

यावर कुणी म्हणेल, मग ती मदत स्वार्थाचीच झाली की. असेल. पण एकमेकांची गरज असली की माणूस चांगलं वागायला शिकतो, आणि शिकलेलं पुढं गरज नसतानाही थोडंफार टिकतं. आबांना माझी काय गरज होती? त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे. तरी बैल आला. दीडशे वर्षांपूर्वीची ती सवय कुठंतरी अंगात असणार.

आता एक कामाची नोंद, विशेषतः तरुण पोरांसाठी. दोन बैल सारख्या ताकदीचे नसतील, तर जू मधोमध बांधू नका. हाळसाला जिथं जू बांधतो ती गाठ जोरकस बैलाच्या बाजूला दोन-तीन बोटं सरकवा. मग गाठीपासून त्याचा हात आखूड होतो आणि त्याच्यावर ओढ जास्त येते. दुबळ्याचा हात लांब होतो आणि त्याला कमी ओढावं लागतं. आबांचा बैल तरणा, माझा थकलेला. मी गाठ आबांच्या बैलाकडं तीन बोटं सरकवली. दोघं बरोबर चालले, कुळव सरळ गेला. आमच्या आज्यांच्या आज्यांनी त्या विजोड जोडीला हेच केलं असणार. ज्याला जास्त झेपतं त्यानं थोडं जास्त ओढायचं, एवढाच त्या जुन्या सावडीचा हिशेब.

पेरणी झाली. बाजरी चार पानांवर आहे, ओळी सरळ लागल्यात. बैल परत न्यायला पोरगा येणार होता, पण मी त्याला नको म्हणलं. मीच घेऊन गेलो. जाताना बैलाला धुतला, शिंगांना तेल लावलं, सोबत पोतंभर सरकी पेंड घेतली. आबा ओट्यावर होते. बैल दावणीला बांधला. ते म्हणाले, “पाठीला वळ नाही, नीट ठेवला.” मी म्हणलं, “तुमचा म्हणून नाही, कामाचा म्हणून.” वहिनींनी चहा टाकला.

बांधाचं अजून काही बोललो नाही. तारीख पुढच्या महिन्यात आहे. पण त्यांच्या खालच्या तुकड्यात ट्रॅक्टर जात नाही, तिथल्या तुरीला कोळपणी लागणार आहे. आमचा एक बैल आहे, त्यांचा एक आहे. मी दिवस धरून ठेवलाय.

तुमच्याकडं सावडीला काय म्हणतात, आणि घरात अशी एखादी गोष्ट कुणी सांगायचं का, तेवढं लिहा.

रामराम.